दगडाला वारसा, हाताला दंड

‘डार्क इमू’ हे पुस्तक त्यातल्या माशांच्या बाजूने वाचताना

‘डार्क इमू’ या पुस्तकातला एक प्रसंग मी गेल्या काही वर्षांत भेटेल त्याला सांगितला आहे. काळ 1840च्या दशकातला. जेम्स कर्बी नावाचा एक गोरा माणूस ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागात, मरे नदीच्या काठाने जमीन शोधत फिरतो आहे. एका ठिकाणी त्याला पाण्यात घातलेला बांध दिसतो. बांधात एक फट मुद्दाम ठेवलेली. फटीजवळ एक आदिवासी माणूस बसलेला. शेजारी जमिनीत एक लवचीक काठी रोवून वाकवलेली, काठीला दोरी, आणि दोरीचा फास पाण्याखाली फटीच्या तोंडाशी अडकवलेला. मासा फटीतून जायला बघतो, फास सुटतो, काठी झटक्यात सरळ होते आणि मासा त्या माणसाच्या डोक्यावरून उडून मागे पडतो. तो माणूस हात मागे नेतो, मासा सोडवतो, फास पुन्हा लावतो आणि बसून राहतो.

कर्बीने हे सगळं बारकाईने पाहिलं आणि लिहूनही ठेवलं. लिहिताना निष्कर्ष काय काढला? हे लोक आळशी असतात असं ऐकलं होतं, ते अगदी खरं निघालं!

मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसलो. समोर एक यंत्र चाललंय आणि बघणाऱ्याला दिसतोय आळस. ब्रूस पॅस्को यांच्या या पुस्तकाची सगळी ताकद अशा जागांमध्ये आहे. पण पुस्तक दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा वेगळाच प्रश्न पडला. कर्बीला यंत्र दिसलं नाही, हे पॅस्को आपल्याला पटवतात. मग पॅस्कोंना स्वतःला काय दिसलं नाही?

पुस्तक काय म्हणतं

‘डार्क इमू’ 2014 साली मगाबाला बुक्स या आदिवासींच्या प्रकाशनसंस्थेने काढलं. इमू हा शहामृगासारखा मोठा पक्षी. आकाशगंगेतल्या काळ्या पट्ट्यांमध्ये ऑस्ट्रेलियातल्या कित्येक आदिवासी समाजांना इमूचा आकार दिसतो. आपण आकाशात तारे जोडून चित्रं बघतो, ते ताऱ्यांमधला अंधार बघतात. पुस्तकाचं नाव तिथून आलं.

पॅस्कोंचं म्हणणं थोडक्यात असं. ऑस्ट्रेलियातले आदिवासी म्हणजे कंदमुळं गोळा करत भटकणारे लोक, असं शाळेत शिकवलं जातं. ते चूक आहे. ते बी पेरत होते, धान्य साठवत होते, घरं बांधत होते, बांध घालून मासे वाढवत होते. पुरावा म्हणून ते चार्ल्स स्टर्ट, थॉमस मिचेल अशा गोऱ्या शोधप्रवाशांच्याच रोजनिश्या काढून दाखवतात. पुरावा तुमच्याच माणसांच्या हातचा, आता नाकारा बघू, अशी ही खेळी आहे, आणि ती जबरदस्त चालली. 2016 साली न्यू साउथ वेल्स राज्याच्या साहित्य पुरस्कारांत पुस्तकाला वर्षातल्या सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. ‘बंगारा’ या नामांकित आदिवासी नृत्यसंस्थेने 2018 साली त्यावर प्रयोग बसवला. पुढच्याच वर्षी मुलांसाठी वेगळी आवृत्ती निघाली. एका अख्ख्या देशाने हे पुस्तक वाचून आपल्या शाळेचा इतिहास पुन्हा तपासायला घेतला, हे पुस्तकाचं श्रेय कोणी काढून घेऊ शकत नाही.

पुस्तकातलं दुसरं प्रकरण पाण्याचं आहे. माझ्या मते तेच सगळ्यात भक्कम. धान्याच्या शेतीबद्दल वाद होऊ शकतो, कारण गवत वाळून जातं. पाण्यातले दगड मात्र आजही जागेवर आहेत.

दोन जागा

पहिली जागा ब्रूअरिना. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला बारवन नदीच्या पात्रात दगडांच्या बुटक्या भिंतींचं जाळं आहे. मूळची लांबी सुमारे अर्धा किलोमीटर. चुना नाही, माती नाही, नुसते दगडात दगड अडकवून केलेले छोटे-मोठे कप्पे. नदीची पातळी वर असो की खाली, कुठले ना कुठले कप्पे कामाला येतील अशी मांडणी. प्रवाहाविरुद्ध जाणारे मासे कप्प्यात शिरले की वाट बंद करायची.

न्गेम्बा लोक या भिंतींची गोष्ट सांगतात. मोठा दुष्काळ पडलेला, नदी आटलेली. बायामे या आदिपुरुषाने कोरड्या पात्रावर आपलं जाळं अंथरलं आणि त्याच्या दोन मुलांनी त्या नक्षीबरहुकूम दगड रचले. मग पाऊस आला, नदी भरली, मासे आले. गोष्टीचा हा अर्धा भाग सगळीकडे सांगितला जातो. दुसरा अर्धा भाग असा: बायामेने सांगितलं की या भिंतींची राखण न्गेम्बांनी करायची, पण मासे आसपासच्या सगळ्या जमातींना मिळाले पाहिजेत. कुठला कप्पा कुठल्या कुटुंबाने सांभाळायचा, हेही ठरलेलं होतं. माशांच्या हंगामात इथे दूरदूरचे लोक जमत. त्यात लग्नं ठरत, देवाणघेवाण होई, तंटे मिटत.

दुसरी जागा बुज बिम, व्हिक्टोरिया राज्याच्या नैर्ऋत्येला. इथे जुन्या ज्वालामुखीचा लाव्हा पसरून थिजलेला आहे. त्या काळ्या दगडांतून गुंडिचमारा लोकांनी चर काढले, बांध घातले, पाणथळ जागा वाढवल्या आणि त्यांत कूयांग, म्हणजे आखूड पराची ईल, सांभाळली. या माशाची तऱ्हा उलटी आहे. तो गोड्या पाण्यात वर्षानुवर्षं वाढतो आणि आयुष्याच्या शेवटी अंडी घालायला हजारो किलोमीटर दूर, ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येच्या कोरल समुद्राकडे जातो. तिथून इवलीशी पिल्लं पुन्हा नद्यांमध्ये येतात. म्हणजे पिल्लांना वाढायला पाणथळ जागा हवी, आणि मोठे मासे निघतात त्या वाटेवर विणलेली टोपली हवी. पुरातत्त्वज्ञांनी इथल्या एका सापळ्याचा काळ सुमारे 6,600 वर्षांपूर्वीपर्यंत मागे नेला आहे. जुलै 2019मध्ये युनेस्कोने बुज बिमला जागतिक वारशाच्या यादीत घेतलं. केवळ आदिवासी संस्कृतीच्या महत्त्वासाठी या यादीत गेलेली ही ऑस्ट्रेलियातली पहिली जागा.

‘मत्स्यशेती’ या शब्दाचं काय करायचं?

आता माझी अडचण सांगतो. पॅस्को या सगळ्यासाठी जो इंग्रजी शब्द वापरतात, त्याला मराठीत रूढ शब्द आहे ‘मत्स्यशेती’. पहिल्या वाचनात हा शब्द मनात आला आणि मला बरं वाटलं. अरे, हे तर शेती करत होते!

बरं का वाटलं? याचं उत्तर फारसं सुखाचं नाही. आपल्या भाषेत शेतकरी हा मानाचा शब्द आहे. जमीन धरून राहणारा, पेरणारा, साठवणारा तो शहाणा. फिरस्ता, शिकारी, मासे मारून त्या दिवसाचं भागवणारा तो एक पायरी खाली. हे कोणी शिकवावं लागत नाही, ते शब्दांतूनच येतं. म्हणजे गुंडिचमारांना ‘शेतकरी’ म्हटल्यावर मी त्यांना नकळत एक पायरी वर चढवत होतो. पायरी मोडावी असं मला सुचलंच नाही.

पॅस्कोही तेच करतात, आणि पुस्तकाची खरी दुबळी बाजू ही आहे. मानववंशशास्त्रज्ञ पीटर सटन आणि पुरातत्त्वज्ञ कॅरिन वॉल्श यांनी 2021 साली एक अख्खं पुस्तक लिहून यावर बोट ठेवलं. त्यांचे आक्षेप पुष्कळ आहेत. पॅस्को उतारे निवडून घेतात, एका जागेचं सत्य सगळ्या खंडाला लावतात, गोऱ्या प्रवाशांच्या नोंदींवर भिस्त ठेवतात पण ज्यांनी ते जगणं जगलं त्यांनी स्वतः जे सांगून ठेवलं आहे त्याकडे पुरेसं बघत नाहीत. पण गाभ्याचा आक्षेप हा की शेती म्हणजे प्रगती आणि शिकार म्हणजे मागासपणा, ही एकोणिसाव्या शतकातली शिडी पॅस्कोंनी जशीच्या तशी ठेवली. फक्त आदिवासींना त्या शिडीवर वर सरकवलं. सटन म्हणतात, आदिवासींना बी रुजवता येत नव्हतं असं नाही. उत्तरेला केप यॉर्कच्या लोकांना टॉरेस सामुद्रधुनीतल्या बागा माहीत होत्या. त्यांनी त्या उचलल्या नाहीत. निसर्ग वाढावा म्हणून ते विधी करत होते, गाणी म्हणत होते, जागांना नावाने हाक मारत होते. ती त्यांची रीत होती.

हा वाद ऑस्ट्रेलियात फार तापला. मग तो पुस्तकावरून पॅस्कोंच्या वंशावळीकडे घसरला आणि तिथेच रुतला. ते सोडून देऊ. मला वाटतं, सटन-वॉल्श यांचा गाभ्याचा आक्षेप बरोबर आहे. तरीही दोन्ही पुस्तकं संपल्यावर काहीतरी राहून जातं. एक बाजू म्हणते शेती होती, दुसरी म्हणते नव्हती. आणि बारवनच्या काठावर ‘हा कप्पा तुमचा, मासे सगळ्यांचे’ असं सांगणारी ती गोष्ट दोघांच्या मधून निसटून जाते.

कारण ती गोष्ट शेतीबद्दल नाहीच. ती कायद्याबद्दल आहे. मासे कोणी धरायचे, कधी थांबायचं, वरच्या अंगाच्या लोकांसाठी किती सोडायचे, नियम मोडला तर कोणाला जाब द्यायचा. आजच्या सरकारी भाषेत यालाच ‘मत्स्य व्यवस्थापन’ म्हणतात. कोळीवाड्याजवळ राहणाऱ्या कोणालाही हे कळेल. नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्याशिवाय होडी बाहेर काढायची नाही, हा धर्म आहे की मासेमारीचा नियम? तो दोन्ही आहे, आणि सरकारी बंदीचा पहिला आदेश निघण्याच्या कितीतरी आधीपासून पाळला जात होता.

आणखी एक उदाहरण घ्या. सिडनीत पहिली इंग्रजी जहाजं आली तेव्हा खाडीत सालीच्या होड्यांतून मासे धरणाऱ्या बायका होत्या. झाडाच्या सालीच्या तंतूंची दोरी, शिंपल्याचा चंद्रकोरीसारखा गळ, होडीत मातीच्या थरावर धगधगणारा विस्तव. पुरुष भाल्याने मासे मारत, गळ आणि दोरी बायकांची. यात बांध नाही, साठवण नाही, शेती तर मुळीच नाही. ‘हे शेतकरी होते का?’ या प्रश्नावर या बायका नापास होतात. पण पाण्यात कोणाचं साधन कोणतं, हे तिथेही ठरलेलं होतं. दगड हजारो वर्षं टिकतो, दोरी कुजते. पुरावा म्हणून दगडच शोधायचा ठरवला तर दोरीवाल्या बायका इतिहासातून आपोआप गळतात.

चित्रांनी दिलेलं उत्तर

‘आम्ही तुमच्यासारखेच होतो’ हे सिद्ध न करता लढता येतं का? येतं. त्याचं उदाहरण ‘डार्क इमू’च्या आधीचं आहे.

1996 साली, उत्तर ऑस्ट्रेलियाच्या आर्नहेम लँडमध्ये ब्लू मड बेच्या किनाऱ्यावर योलंगू लोकांना एका पवित्र जागी बाहेरच्या मच्छीमारांचा बेकायदा तळ सापडला. तिथे एका मगरीचं कापलेलं डोकं टाकलेलं होतं. मगर, त्यांच्या भाषेत बारू, ही तिथल्या मादार्पा कुळाची पूर्वज. कुळाचे प्रमुख जांबावा मारावीली आणि इतरांनी ठरवलं की समुद्राचा आपला कायदा बाहेरच्यांना दाखवायचा. 47 कलावंतांनी झाडाच्या सालीवर 80 चित्रं काढली. कुठलं पाणी कुठल्या कुळाचं, गोडं पाणी खाऱ्याला कुठे मिळतं, कुठल्या खडकाखाली कोणता पूर्वज आहे, हे सगळं त्या चौकटी-चौकटींच्या नक्षीत आहे. आपल्याला ती सुंदर जाळीदार चित्रं वाटतात. त्यांच्यासाठी ते सातबारा आहेत, फक्त समुद्राचे. आज ही चित्रं सिडनीच्या राष्ट्रीय सागरी संग्रहालयात आहेत.

पुढे प्रकरण कोर्टात गेलं. 30 जुलै 2008 रोजी ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध दोन अशा मतांनी निकाल दिला. आदिवासींच्या मालकीच्या किनाऱ्यावर भरतीचं पाणी चढतं त्या पट्ट्यातही त्यांचाच अधिकार आहे, सरकारी मासेमारी परवाना हातात आहे म्हणून कोणी तिथे विनापरवानगी शिरू शकत नाही. नॉर्दर्न टेरिटरीच्या सुमारे 80 टक्के किनाऱ्याला हे लागू झालं. त्यानंतरच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं रेंगाळल्या, हेही खरं. पण बोलण्याची जागा बदलली. तोवर परवाना देणारं खातं एकटंच मालक होतं. आता त्याला समोरच्याला विचारणं भाग पडलं.

‘डार्क इमू’ आणि ही चित्रं शेजारी ठेवली की फरक कळतो. पॅस्को गोऱ्यांच्या रोजनिश्या उघडून म्हणतात, बघा, तुमच्या मोजपट्टीने आम्ही उंच आहोत. योलंगू म्हणतात, ही आमची मोजपट्टी, तुम्ही शिका.

बादलीतले शिंपले

हा सगळा वाद शब्दांचाच असता तर एवढं लिहिलं नसतं. पण त्याची किंमत आज कोणीतरी मोजतंय.

न्यू साउथ वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचे यूइन आणि इतर आदिवासी पिढ्यान्‌पिढ्या बुडी मारून अबॅलोनी काढतात. कानाच्या आकाराचा हा मोठा शिंपला. गोरे त्याला बराच काळ ‘मटन फिश’ म्हणून नाक मुरडत होते. मग आशियातल्या बाजारात त्याला सोन्याचा भाव आला. लगेच परवाने आले, कोटे आले, माणशी मर्यादा आली. ज्यांच्या आज्या-पणज्यांनी हे खडक सांभाळले त्यांची घरची बादली एका रात्रीत गुन्ह्याचा मुद्देमाल झाली.

ऑस्ट्रेलियाच्या 1993च्या आदिवासी हक्क कायद्याचं कलम 211 सांगतं की घरच्या आणि समाजाच्या गरजेपुरतं, विक्रीसाठी नव्हे, परंपरेने मासे धरायला परवाना लागत नाही. पण कोर्टात उभं राहून आपण कोण, आपले पूर्वज कोण, आपली रीत कोणती, हे दर वेळी त्या बुडी मारणाऱ्या माणसानेच सिद्ध करायचं. न्यू साउथ वेल्सच्या संसदेने 2009 साली आपल्या मत्स्य कायद्यात सांस्कृतिक मासेमारीला सूट देणारं एक कलम घातलं. कलम मंजूर झालं, पण दहा वर्षं उलटून गेली तरी ते अमलात आणलं नाही. 2022 साली संसदेच्या समितीला त्याची चौकशी करावी लागली. त्या सगळ्या वर्षांत लोकांवर खटले चालूच राहिले, दंड झाले, काहींना तुरुंगही झाला.

अबॅलोनी खरंच कमी होत असतील तर मर्यादा नको का? हवीच. मर्यादा नको असं कोणी म्हणत नाही. प्रश्न आहे ती कोण ठरवतं याचा. ज्या समाजाकडे मर्यादेची स्वतःची रीत आहे त्याला नियम बनवताना बाहेर ठेवायचं आणि नियम मोडला म्हणून आत टाकायचं, हे व्यवस्थापन कसं म्हणायचं?

नदीचंही तेच. ब्रूअरिनाच्या भिंतींचे दगड वसाहतीच्या काळात बोटींना वाट करायला आणि बांधकामाला नेले. पुढे शेजारीच नवा बंधारा झाला. त्याच नदीच्या खालच्या अंगाला, डार्लिंग नदीवर, मेनिंडी नावाचं गाव आहे. डार्लिंगचं मूळ नाव बार्का. बार्काचे लोक म्हणून ते बार्कंजी. 2015 साली कोर्टाने त्यांचा या भूमीवरचा हक्क मान्य केला. पण नदीत पाणी किती सोडायचं यावर त्यांचा काबू नव्हता. 2018च्या डिसेंबरपासून पुढच्या जानेवारीपर्यंत मेनिंडीजवळ मासे लाखोंनी मेले. दुष्काळ होताच, शिवाय वरच्या अंगाला पाणी प्रमाणाबाहेर उपसलं गेलं होतं. मार्च 2023मध्ये पुन्हा पाण्यातला प्राणवायू संपला आणि तिथेच पुन्हा लाखो मासे पांढरी पोटं वर करून तरंगले. वरच्यांनी खालच्यांसाठी सोडायचं, हा बायामेच्या गोष्टीतला नियम ज्यांना कालबाह्य वाटला त्यांच्या हातात नदी होती.

शेवटी, पुस्तकाकडे

मग ‘डार्क इमू’ वाचायचं की नाही? जरूर वाचा, पण एकटं वाचू नका. सटन-वॉल्श यांचं पुस्तक शेजारी ठेवा. ब्लू मड बेची चित्रं मोबाइलवर मोठी करून बघा. पॅस्को शेवटी स्थानिक धान्यांच्या नव्या शेतीची स्वप्नं बघतात, सगळ्यांनी मिळून नवा देश घडवूया म्हणतात. ते छान आहे. पण पुस्तकातल्या माशांनी त्यांना जास्त अवघड जागी नेलं असतं. दगडांना वारसा म्हणायला सरकारची ना नाही. त्याने काहीच सोडावं लागत नाही, उलट पर्यटक येतात. अवघड आहे ते त्या दगडांमागच्या कायद्याला कायदा म्हणणं, कारण मग परवान्याच्या वहीत सही करायला दुसरा हातही येतो.

कर्बीच्या नोंदीतला तो माणूस मला आता वेगळा दिसतो. पहिल्या वाचनात मी त्याच्या काठी-दोरीच्या यंत्रावर खूश झालो होतो. आता वाटतं, तो कोणाच्या बांधावर बसला होता? संध्याकाळी ते मासे कुठल्या कुठल्या चुलीवर गेले? पोटापुरते झाल्यावर त्याने फास काढून फट मोकळी ठेवली असेल का? कर्बीने हे विचारलं नाही. पॅस्कोंनीही नाही. त्या माणसाच्या पणतवंडांना आज किनाऱ्यावर अडवणारा अधिकारी तरी हे विचारतो का? तो बादली उलटी करतो आणि शिंपले मोजतो.